यंत्र बिघडलंय असं म्हणू नये

आमच्या गावात चारचौघांत एक गोष्ट कधीही बोलू नये, ती म्हणजे आपल्याकडचं काहीतरी बिघडलंय. आजारपण सांगावं, नवऱ्याचं वागणं सांगावं, लोक हळहळतात आणि आपापल्या घरी जातात. पण वस्तू बिघडली म्हणालात तर ते घरी जात नाहीत, तुमच्या घरी येतात. मी एकदा लुएलाच्या दुकानात, बटाटे निवडता निवडता, आमचं कपडे धुण्याचं यंत्र गळतं असं सहज म्हणाले. घरी पोचते तो स्वयंपाकघरात जमिनीवर दोन बूट. बुटांच्या पुढे गावचे म्हातारे, हौशी दुरुस्तीवाले थर्स्टन हॅच पालथे पडलेले. दाराला कुलूप लावायची पद्धत इकडे नाही आणि विचारायची पद्धत थर्स्टनना नाही.

"झालं बघ पोरी," ते यंत्राखालून म्हणाले. "नवीन घेऊ नकोस. लोकांना हल्ली फेकायची घाई असते."

ते यंत्र आता गळत नाही. फक्त पिळायला लागलं की चालत दारापर्यंत जातं.

एवढा अनुभव गाठीशी असताना मी फेब्रुवारीत त्याच दुकानात, त्याच बटाट्यांपाशी, गावाचं मतमोजणी यंत्र बिघडलंय असं बोलून गेले. झोप पुरी न झालेल्या बाईने दुकानात तोंड उघडू नये.

मी आमच्या गावाची कारकून आहे, निवडून आलेली. गेल्या मार्चच्या गावसभेत मी दोन मिनिटं बाहेर गेले होते, परत आले तोवर निवडून आले होते. त्या पदाबरोबर एक कपाट, एक कुत्र्यांच्या परवान्यांचा गठ्ठा आणि ते यंत्र माझ्याकडे आलं. यंत्र म्हणजे एका काळ्या पेटीवर बसवलेलं चपटं खोकं. फटीत मतपत्रिका सरकवायची, ती गुरगुरत आत ओढते, वाचते, आकडा पुढे सरकतो. कोरड्या हवेत ते अगदी सज्जन होतं. पण हवेत ओल आली की मतपत्रिका अर्धी आत घेऊन परत बाहेर काढायचं, डॉक्टरला जीभ दाखवावी तशी. आणि आम्ही मतदान करतो कधी, तर नोव्हेंबरच्या गारठ्यात आणि मार्चच्या चिखलात.

म्हणून आमच्याकडे इस्त्री असते. मतदाराने पडद्याआड खुणा करायच्या, मतपत्रिका पालथी धरून इस्त्रीच्या फळीपाशी आणायची, तिथली बाई तिच्यावर ताटपुसणं घालून एक हात फिरवणार, मग यंत्र. मत गुप्त असतं, त्यामुळे इस्त्री करणारीने पूर्णवेळ छताकडे बघायचं असा नियम आहे. छताकडे बघत इस्त्री केल्याने काही मतपत्रिका करपल्या. यंत्राला त्यांची चव बरी वाटायची, त्या ते लगेच गिळायचं.

हे सगळं मी हसत हसत सांभाळलंही असतं. पण गेल्या नोव्हेंबरात यंत्राने निम्म्यावर मान टाकली आणि उरलेली मतं हाताने मोजायला बसावं लागलं. मोजणी संपेपर्यंत कारकुनाने टेबल सोडायचं नाही, असा कायदा. माझी मुलगी जूनी तेव्हा तीन महिन्यांची होती. ती माझ्याशिवाय कोणाजवळ झोपत नाही. बाटलीकडे ती अशा नजरेने बघते की बाटलीलाच लाज वाटावी. माझा नवरा नेट तिला घेऊन सभागृहाबाहेरच्या बोळात फेऱ्या मारत होता, आणि मी टेबलाशी 'हो' आणि 'नाही'चे ढीग लावत होते. तिचं रडणं भिंतीपलीकडून येत होतं. दूध भरून येऊन माझा सदरा भिजला होता, वर स्वेटर चढवून मी मोजत राहिले. मग तिचा आवाज बसला. रडणं चालूच होतं, फक्त आवाज येईना. त्या टेबलाशी मी ठरवलं, पुढच्या मतदानाला या गावात नवीन यंत्र असेल आणि माझी मुलगी आपल्या पाळण्यात माझ्या हाताने झोपेल. लोकशाहीबद्दल माझे आणखीही काही विचार आहेत, पण खरं कारण हे.

आणि नशीब बघा, जानेवारीत राज्याकडून अनुदान जाहीर झालं. जुनी यंत्रं बदलण्यासाठी बहुतेक खर्च राज्य देणार. अटी दोनच. राज्याची अधिकारी येऊन यंत्र खरोखर वापरण्याजोगं नाही हे पाहणार, आणि गावाने मार्चच्या गावसभेत आपला थोडासा वाटा मंजूर करायचा. मला वाटलं, इतकं सोपं काम माझ्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

मग बटाटे.

"बिघडलंय म्हणजे नक्की काय होतं त्याला?" लुएलाने गल्ल्यावरून विचारलं.

"ओढतच नाही कागद. सुकी हवा असली तरी."

"रबर गेलं असेल," कोणीतरी ब्रेडच्या फळीमागून म्हणालं.

"थापट मारून बघितलीस का? डाव्या बाजूने?"

"शेगडीजवळ ठेव रात्रभर. आमचा रेडिओ तसाच सुरू झाला."

"अहो, सुरू करायचंच नाहीये मला," मी काकुळतीने म्हणाले. "शुक्रवारी राज्याची बाई येणार आहे. तिला ते बंद दिसायला हवं."

 एखादी वस्तू बंद दिसायला हवी, हे वाक्य त्या दुकानात पहिल्यांदाच बोललं गेलं असावं. लुएलाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या जूनीकडे. या लेकराचं पुढे कसं व्हायचं, असा तिचा चेहरा झाला होता.

शुक्रवारी मिस लाव्हॉय आल्या. तरुण, नेटक्या, पायात शहरातले बूट, त्यामुळे गाडीपासून सभागृहापर्यंत येईतो चिखलाने त्यांची बरीच परीक्षा घेतली. मी त्यांना कॉफी दिली, घरचा केक दिला आणि जूनीला कडेवर घेऊन, एखाद्या आजारी म्हाताऱ्याची तब्येत सांगावी तशी यंत्राची कहाणी सांगितली. त्यांनी चाचणीच्या मतपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि पहिली सरकवली.

यंत्राने ती गपकन गिळली.

दुसरी गिळली. तिसरीही. गठ्ठा संपत आला तरी ते थांबेना. इतकं मन लावून त्याने कधी काम केलं नव्हतं. खोकला म्हणून पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि तिथे त्याने गाणी म्हणावीत, तसं माझं झालं. मी मनातल्या मनात त्याला विनवलं. मग आठवलं, आपण एका खोक्याकडे नापास होण्याची भीक मागतोय.

"उत्तम चाललंय हे," मिस लाव्हॉय म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या फळीकडे बोट केलं. "ती इस्त्री कशासाठी?"

"पडद्यांसाठी," मी म्हणाले. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. त्यांनी खिडक्यांकडे पाहिलं आणि सभ्यपणे पुढे काही विचारलं नाही.

जाता जाता त्या यंत्राच्या मागे वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. "हे सील कोणी तोडलं?"

मागे राज्याचं सील असतं. ते तुटलं होतं. आत डोकावलं तर कागद ओढणाऱ्या रुळावर निळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा घट्ट बसवलेला. मेपलचा रस झाडापासून टाकीपर्यंत आणायची जी नळी असते, तिचा. गावात सगळ्यांकडेच ती असते, पण इतका सफाईदार काप एकाच माणसाचा.

ते गृहस्थ दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन, कौतुक ऐकायला आलेले.

"मीच," थर्स्टन म्हणाले. "काल संध्याकाळी. रबर झिजलं होतं, दुसरं काही नाही. अजून वीस वर्षं जाईल."

मिस लाव्हॉयनी त्यांना अगदी मऊ आवाजात समजावलं. मतमोजणी यंत्र खाजगी माणसाने उघडलं, की ते किती का छान चालेना, त्याने मोजलेल्या आकड्यावर कोणी भरवसा ठेवू शकत नाही. त्यांनी त्यावर लाल पट्टी चिकटवली. यंत्र त्या क्षणापासून बाद. अनुदानाची पहिली अट पुरी झाली.

मी आनंदाने टाळ्या पिटायला हव्या होत्या. पण थर्स्टन त्या लाल पट्टीकडे बघत होते.

"चालतंय म्हणून बाद?" ते म्हणाले. "की मी हात लावला म्हणून?"

"तसं नाही हो, थर्स्टन..."

"तसंच आहे, हेस्टर." आजवर त्यांनी मला 'पोरी' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. टोपी घालून ते चिखलातून निघून गेले. मला फार वाईट वाटलं. शिवाय मिस लाव्हॉयनी केक अर्धा टाकला होता.

मग गावात जे व्हायचं ते झालं. दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, राज्य देतंय तर घ्यावं. दुसऱ्याचं म्हणणं, चालतं यंत्र चिकटपट्टी लावून कपाटात टाकायचं आणि नव्यासाठी आपला वाटा द्यायचा, याला उधळपट्टी म्हणतात, आणि राज्याने आज यंत्र दिलं तर उद्या काय मागेल सांगता येत नाही. थर्स्टन कोणाकडे गेले नाहीत, प्रचार केला नाही. ते फक्त रोज सकाळी लुएलाच्या दुकानात कॉफी पीत गप्प बसायचे. थर्स्टन गप्प बसले की त्याला प्रचारच म्हणायचं. गावातल्या प्रत्येक घरात त्यांच्या हातचं काहीतरी चालू होतं. कोणाचा पंप, कोणाचा ट्रॅक्टर, माझं दारापर्यंत चालत जाणारं यंत्र.

"तू त्यांना भेट तरी," नेट म्हणाला.

"भेटून काय सांगू?"

"जूनीचं सांग. नोव्हेंबरचं."

ते मला जमेना. गावाच्या पैशाने घ्यायच्या यंत्राचं कारण माझी मुलगी आहे, हे म्हणायची मला लाज वाटत होती. अनुदानाच्या अर्जात मी 'मोजणीची अचूकता व गती' असं लिहिलं होतं. गती म्हणजे काय, ते माझ्या स्वेटरला ठाऊक.

मार्चचा पहिला मंगळवार. गावसभा. सभागृहात ओल्या लोकरीचा, कॉफीचा आणि उकडलेल्या राजम्याचा वास. आमच्या सभेच्या अध्यक्ष विला प्रेस्कॉट म्हणजे पूर्वीच्या शाळामास्तरीण. निम्म्या गावाला त्यांनीच लिहायला शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यासमोर लोक अजूनही बोट वर करून बोलतात. यंत्राचा विषय जेवणानंतर आला, म्हणजे सगळ्यांच्या अंगात सुस्ती उतरल्यावर, ज्या वेळी एरवी गाव काहीही मंजूर करतं. त्या दिवशी नाही केलं.

एकाने ठरावात दुरुस्ती सुचवली की नवीन यंत्र घ्यावं, पण जुनं ठेवावं, नव्याच्या मोजणीवर लक्ष ठेवायला. दुसऱ्याने विचारलं, दोघांत भांडण झालं तर? मग तिसरं घ्यावं लागेल, असं लुएला म्हणाली. इस्त्री करणाऱ्या बायकांचं पुढे काय, हा प्रश्न एका इस्त्री करणाऱ्या बाईनेच विचारला. मग थर्स्टन उठले.

"मला एवढंच म्हणायचंय," ते म्हणाले, "की ज्या गोष्टीला अजून दम आहे, ती टाकू नये. म्हातारं झालं म्हणून तर नाहीच नाही." आणि बसले.

सभागृहात एवढी म्हातारी माणसं होती की टाळ्या बराच वेळ वाजल्या.

मग काही जणांनी गुप्त मतदान मागितलं. नियमाने मागता येतं. पण यंत्र लाल पट्टी लावून बाद झालेलं, म्हणजे यंत्र घ्यायचं की नाही याचीही मोजणी हातानेच. माझ्याकडे बघून कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

मी रांगेतल्या प्रत्येकाला मतपत्रिका देत होते, नावावर खूण करत होते, पेन्सिलींना टोक काढत होते. जूनी माझ्या कडेवर. तिची झोपेची वेळ होऊन गेली होती आणि ती तसं सगळ्यांना कळवत होती. नेटने घेतली तर ती ताणून रडली, लुएलाने घेतली तर लुएलाचा चष्मा ओढला गेला, पुन्हा माझ्याकडे आली. मोजायला बसले तेव्हाही ती मांडीवर होती, आणि 'नाही'च्या ढिगावर तिने एकदा लाथ मारली. ते पुन्हा मोजावं लागलं.

विलाबाईंनी आकडे वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. 'हो' जितके, 'नाही' तितकेच.

"बरोबरी झाली की ठराव पडतो," त्या म्हणाल्या. "पडला."

सभागृह कुजबुजलं. कोणाला धड जिंकल्यासारखं वाटेना. मी मतपत्रिकांना रबर लावत होते. नोव्हेंबर पुन्हा येणार, तेच टेबल, तीच भिंत. माझे डोळे भरून आले म्हणून मी खाली वाकून खोटंच काहीतरी शोधायला लागले. नेट शेजारी वाकला.

"थोडक्यात गेलं गं," तो म्हणाला. "तुझं धरूनही बरोबरीच?"

मी रबर हातात धरून तशीच राहिले.

मी मत दिलंच नव्हतं.

कोणाला कळलं नसतं. विलाबाईंनी पुढच्या विषयासाठी हातोडी उचलली होती. महिनाभर मी गावाला ओरडून सांगत होते की प्रत्येकाचं मत मोजलं गेलं पाहिजे, आणि स्वतःचंच पेटीत टाकायला विसरले. हे सांगितलं तर पुढची वीस वर्षं लोक पोट धरून हसणार, आणि ठराव पडलेला तो पडलेलाच. न सांगितलं तर निदान अब्रू राहणार होती. पण बोट वर गेलंच. विलाबाईंसमोर ते आपोआप जातं.

"बोल, हेस्टर."

"मी... माझं मत द्यायचं राहिलं."

 सगळे हसले. मला वाटलं होतं त्याहून जोरात.

विलाबाई हसल्या नाहीत. "मतदान संपलंय, बाळ. आता पुन्हा घ्यायचं तर एकच वाट आहे. पुढचा विषय सुरू व्हायच्या आत, जिंकलेल्या बाजूच्या माणसाने तशी मागणी करायची. म्हणजे ज्याने 'नाही' म्हटलंय, त्याने उठून तसं सांगायचं." त्यांनी सभागृहावर नजर फिरवली. "आहे कोणी?"

लोक आपापल्या बुटांचं निरीक्षण करायला लागले. गुप्त मत सगळ्यांना माहीत असतं, पण उभं राहून सांगायचं म्हणजे वेगळं. आणि जिंकलेलं कोण परत टेबलावर ठेवणार?

मागून खुर्ची सरकली.

"मी 'नाही' म्हटलंय," थर्स्टन म्हणाले. "कोणाला आश्चर्य वाटलं असेल तर त्याने हात वर करावा."

हात वर झाले नाहीत.

"मला जिंकायचंच आहे. पण असं नाही. ही पोरगी मघापासून सगळ्यांच्या हातात कागद देतेय, तिच्या हातात एकानेही दिला नाही. मीसुद्धा नाही. पुन्हा घ्या मतदान."

पुन्हा रांग लागली. गाईंची धार काढायची वेळ होत आली होती, पण कोणी हललं नाही. या वेळी मला मतपत्रिका विलाबाईंनी स्वतः दिली. पण जूनी? तिचा आवाज आता नोव्हेंबरसारखा बसायला लागला होता. पडद्याआड तिला कडेवर घेऊन पेन्सिल धरता येईना. शेजारच्या खुर्चीवर थर्स्टन होते. रांग संपायची वाट बघत बसलेले, त्यांना गर्दी आवडत नाही. त्यांनी हात पुढे केले, आणि मी तिला त्यांच्याकडे दिलं.

पडद्याआड मला तिचं रडणं ऐकू येत होतं. मी 'हो'वर खूण केली. मग रडणं थांबलं. घाबरून मी पडदा बाजूला केला. जूनी थर्स्टनच्या जाडजूड लोकरीच्या सदऱ्यावर गाल टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. त्यांच्या अंगाला डिंकाचा आणि धुराचा वास येतो. सात महिने मी तिला गाणी म्हटली, आणि तिला हवा होता धुराचा वास.

सगळ्यांची मतं झाली. विलाबाईंनी खूण केली, "थर्स्टन. तुमचंच राहिलं."

त्यांनी मान हलवून मुलीकडे बोट दाखवलं.

"मी घेते तिला," लुएला कुजबुजली. त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती दोन पावलं मागे सरली.

"कागद तिथेच आणून देते तुम्हाला," विलाबाई म्हणाल्या.

"पेन्सिलीचा आवाज होईल," थर्स्टन म्हणाले.

विलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मतदान संपल्याचं जाहीर केलं. हातोडी आपटली नाही, टेबलावर नुसती टेकवली.

आम्ही मोजलं. आमच्या गावातल्या एकाही माणसाने आपलं मत बदललं नव्हतं. 'हो'मध्ये एक वाढलं होतं, 'नाही'मधलं एक कमी झालं होतं, बाकी सगळे तिथल्या तिथे. विलाबाई पुढे आल्या आणि ठराव मंजूर झाल्याचं त्यांनी कुजबुजत सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही, त्यांना पुढच्यांनी कानात सांगितलं. टाळी कोणी वाजवली नाही.

मी थर्स्टनपाशी जाऊन बसले. "तुम्ही मत दिलं नाहीत," मी हळूच म्हणाले. "मघाशी माझ्यासाठी भांडलात ना? सगळ्यांचं मत पडलं पाहिजे म्हणून?"

"तुला सगळे विसरले होते, पोरी," ते समोर बघत म्हणाले. "मला कोणी विसरलं नाही. मी बसून राहिलो. त्यात फरक आहे."

मी जूनीला घ्यायला हात पुढे केले.

"पाच मिनिटं थांब," ते म्हणाले. "आत्ताच गाढ लागलीय."

मी थांबले. विलाबाईंनी पुढचा विषय पुकारला, रस्त्यावर टाकायच्या खडीचा. दर वर्षी त्यावर गावात आरडाओरडा होतो, एकदा तर खुर्ची मोडली होती. या वर्षी खडीवरचं सगळं भांडण लोकांनी एकमेकांच्या कानाशी लागून, दात-ओठ खात, कुजबुजत केलं. मग बर्फ उपसायच्या ट्रकचं. मग कुत्र्यांच्या परवान्यांचं. जूनीने एकदाही डोळे उघडले नाहीत. मीही, कोणाला सांगू नका, कुत्र्यांपर्यंत जागी नव्हते.